भिंगरीच्या दोरीचं दुसरं टोक

ता. ४ ऑक्टोबर

ती. दादास,

ठकीचा सा. न. वि. वि. शेजारी बसून एक जण शेपटी आपटते आहे, तिचाही नमस्कार गोड मानून घे.

फोनवर तू येत नाहीस, म्हणून हे पत्र. गेल्या वर्षीच्या झटक्यानंतर हात सावरला, पाय सावरला, जीभ तेवढी मागे राहिली, हे मला ठाऊक आहे. पण मी फोन केला की वहिनी तुझं हो-नाही सांगतात आणि तू मागून खोकतोस. खोकल्यावरून मी काय ओळखणार? तुझ्या लेखणीला मात्र काही झालेलं नाही, हे मागच्या पत्रातल्या शिव्यांवरून कळलं.

तर मुद्दा भिंगरीचा. तुझी भाची बोटीवरच्या नोकरीला गेली आणि जाताना ही ठेव माझ्या गळ्यात बांधून गेली. काळी-पांढरी, एक कान उभा, एक पडका, ऐन दोन वर्षांची, मेंढ्या राखणाऱ्या जातीची. घरात मेंढ्या नाहीत, म्हणून ती खुर्च्या एका कोपऱ्यात गोळा करते. सकाळ-संध्याकाळ मी तिला फिरवून आणते, पण तिला ते फिरणं म्हणजे दात कोरण्याएवढं.

दातांवरून आठवलं. परवा मी आमच्या कवळ्यांच्या कारखान्यातून एका निवृत्त न्यायाधीशांची वरची कवळी शेवटचा हात फिरवायला घरी आणली होती. न्यायाधीश स्वतः न्यायला आले. बैठकीत त्यांना बसवते तोवर भिंगरी आतून आली ती तीच कवळी तोंडात धरून, आणि त्यांच्यासमोर बसून हसली. दादा, अगदी त्यांच्यासारखीच हसली रे! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. न्यायाधीश मात्र शांतपणे म्हणाले की फिटिंग चांगलं दिसतंय, फक्त मला नवीन करून द्या.

हसू नकोस. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई येऊन गेल्या. वर घोडे नाचतात आणि खाली माझी कपाटं वाजतात, म्हणाल्या. भाडेकरार फेब्रुवारीत संपतो. तोवर धिंगाणा थांबला नाही तर नवा करार नाही, असं त्यांनी गोड आवाजात सांगितलं. प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेले तर ते म्हणाले, कुत्री द्वाड नाही, बेकार आहे. हिला दोघींनी मिळून खेळायचा एखादा खेळ शोधा. बागेत विचारलं तर जितकी माणसं तितके खेळ. तू तीस वर्षं शाळेत पोरांना खेळ शिकवलेस. कुठलं पोर कुठल्या खेळाचं हे तू चालीवरून ओळखायचास. आता या पोरीचं सांग.

वहिनींना नमस्कार. तुझा लोभ आहे तो असाच असू दे. वरकड राहिला तर भिंगरीच्या वाट्याला दे.

तुझी,
ठकी

*

ता. ९ ऑक्टोबर

चि. ठकीस,

अ. उ. आ. शेपटी आपटणाऱ्या व्यक्तीलाही.

न्यायाधीशांचा प्रसंग तुझ्या वहिनीला वाचायला दिला. तिच्या हातातलं भांडं पडलं. ते तू भरून द्यायचं आहेस.

आता ऐक. खेळ निवडताना लोक एकच चूक करतात. आपल्याला काय आवडतं ते पोराच्या डोक्यावर लादतात. आणि कुत्र्यांच्या बाबतीत उलटी चूक करतात, कुत्र्याला काय हवं तेवढंच बघतात आणि मग महिन्याभरात स्वतः अंथरूण धरतात. खेळ दोघांचा आहे. तेव्हा आधी तिचं शरीर बघ, मग तुझं, मग घराजवळ मैदान कसलं आहे ते. आणि सगळ्यात शेवटी हे बघ की खेळून आल्यावर दोघींना पुन्हा जावंसं वाटतंय का. वाटत नसेल तर बाकीचं सगळं जुळून उपयोग नाही.

तिची हाडं पक्की झाली आहेत, पण डॉक्टरांकडून सांधे तपासून घे. तुझे पाय बरे आहेत. लहानपणी आंबट चिंचेसाठी तू जी धावायचीस ती मी विसरलेलो नाही. तेव्हा पळण्यापासून सुरुवात कर. तुझ्या कमरेला रुंद पट्टा, तिच्या छातीला पट्टा, मध्ये ताण सोसणारी लवचीक दोरी. गळ्याच्या पट्ट्याला दोरी बांधून पळालीस तर माझ्याशी गाठ आहे. मातीची वाट धर, डांबरावर तिचे पंजे सोलतील. सकाळचं गार असताना जा. पहिल्या आठवड्यात थोडं पळ, थोडं चाल. डावीकडे-उजवीकडे हे शब्द तिला आधी चालताना शिकव, नाहीतर खांबाच्या एका बाजूने ती जाईल आणि दुसऱ्या बाजूने तू.

इकडे ये म्हणून तू दरवेळी लिहितेस-बोलतेस. सध्या जमणार नाही. इथे कामं फार आहेत.

बोलणं शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा येतात. ठीक आहे.

आपल्या दोघांत जे आहे ते पत्राने पातळ होऊ देऊ नकोस, एवढीच अपेक्षा.

तुझा,
दादा

*

ता. २ नोव्हेंबर

ती. दादास,

सा. न. वि. वि. उभ्याने लिहिते आहे, कारण बसवत नाही.

तुझ्या म्हणण्याप्रमाणे सगळं केलं. पट्टा आणला, दोरी आणली, सांधे तपासले. डावं-उजवं तर ती तीन दिवसांत शिकली. मला अजून क्षणभर विचार करावा लागतो. पहिला आठवडा झकास गेला. मला वाटलं, जिंकलं! मग तिच्या लक्षात आलं की मी मेंढी आहे.

म्हणजे असं. कुत्र्याने पुढे ओढायचं आणि माणसाने मागे पळायचं, हा तुझा नियम. भिंगरी थोडं पुढे जाते, मागे वळून बघते, मी रेंगाळते आहे असं तिला वाटतं, आणि मग ती मला हाकायला मागे येते. मागे येताना माझ्याभोवती एक फेरी मारते. दोरी कमरेला. पुढचं तुला सांगायला नको. बँकेच्या रखवालदाराने मला कुंपणातून सोडवलं. सभ्य माणूस, एक शब्द बोलला नाही, पण आता रोज सकाळी माझी वाट बघत उभा असतो.

मग शेजारच्या सुताराने सायकलचा सल्ला दिला. दोन चाकांवर बसून मेंढी व्हायची माझी हिंमत नाही, म्हणून तो विषय मी जागीच संपवला.

मग उडती तबकडी. यात ती इतकी हुशार निघाली की बागेत माणसं जमली. हवेत वळून झेलायची! मी फुगले. पण घरी आल्यावर तिचं इंजिन बंदच होईना. पुन्हा टाक, पुन्हा टाक म्हणून रात्रीपर्यंत भुंकत बसली, आणि तबकडी कपाटात ठेवली तर कपाटाला हाकायला लागली. घरमालकीणबाईंनी खालून छताला काठी ठोकली.

मग तलाव. अंगाला तरंगणारं जाकीट घातलं, तिच्या, माझ्याही. पोहते छान. पण मी पाण्यात असलेली तिला खपत नाही. बुडते आहे असं समजून माझ्या पाठीवर चढते आणि मानेला धरून काठाकडे नेते. माझी पाठ बघून कारखान्यातल्या बाईने विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना.

दादा, खरं सांगू? मजा येते आहे. कवळ्यांच्या साच्यांपुढे वाकून वाकून माझी मान गेली होती ती मोकळी झाली. लेकीच्या मागे घर कसं खायला उठेल याची मी धास्ती घेतली होती, त्याला आता फुरसतच नाही. पण खेळ काही सापडत नाही, आणि फेब्रुवारी येतोय.

तुझ्या बाई काय म्हणतात? ठीक आहे म्हणजे काय, नीट लिही.

माया करत राहा, मलम लावत राहते.

तुझी,
ठकी

*

ता. ७ नोव्हेंबर

चि. ठकीस,

अ. उ. आ. आणि पाठीसाठी गरम पाण्याचा शेक.

तुला रागवायचं ठरवून बसलो होतो. तीन खेळ तू चार आठवड्यांत उरकलेस. कवळी तरी इतक्या घाईत करतेस का? पण तुझं पत्र दोनदा वाचलं आणि वाटलं, कुत्री आपल्याला सांगते आहे आणि आपण ऐकत नाही. पळताना ती मागे बघते. पोहताना तुला शोधते. तबकडी तिला चढते, कारण त्यात डोकं नाही, नुसती झिंग आहे. हिच्या पायांना काम नको आहे, ठके. हिला डोक्याला काम हवं आहे.

शाळेत माझ्याकडे एक असा मुलगा होता. दिवसभर वर्ग डोक्यावर घ्यायचा. त्याला मी पळवून पळवून दमवलं तर तो आणखी दमदार झाला. शेवटी त्याला बुद्धिबळाच्या पटापुढे बसवला आणि शाळेत शांतता झाली.

नाक. कुत्र्याचं बुद्धिबळ नाकात असतं. पुठ्ठ्याचे खोके जमव. जमिनीवर मांड. एकात उकडलेल्या कोंबडीचा तुकडा ठेव, आणि शोध म्हणून सोड. सापडला की तिथेच खाऊ दे. दुसऱ्या दिवशी खोका कपाटामागे, तिसऱ्या दिवशी उंचावर. थोडा वेळच खेळव. भूक राहिली पाहिजे. पाव तास वास घेतला की कुत्रं तासभर पळल्यासारखं दमतं, असं मी वाचलं आहे. जमलं तर पुढचं बघू. माणसाचा माग काढण्याचा खेळही असतो. तुमच्याकडे कोणी शिकवतं का, चौकशी कर.

बाई म्हणतात, घरात म्हणता ते बाहेर म्हणून बघा. त्यांचं बरोबर असेल. मी बघतो.

मन लावून खेळा आणि इकडची आठवण ठेवा.

तुझा,
दादा

*

ता. १ डिसेंबर

ती. दादास,

सा. न. वि. वि. आधी पेढे समज, मग पुढे वाच.

भिंगरी झोपते! दादा, दिवसाउजेडी, चारी पाय वर करून, घोरत झोपते. पहिल्या दिवशी खोके मांडले तेव्हा ती नुसती उड्या मारत होती. मग कोंबडीचा वास आला आणि माझ्या डोळ्यांदेखत निराळीच कुत्री झाली. शेपटी सरळ, तोंड बंद, नाक जमिनीला. सगळं घर तिने असं वाचून काढलं जसं तू सकाळी वर्तमानपत्रातली खेळाची पानं काढायचास. तिसऱ्या आठवड्यात घरमालकीणबाई वर आल्या. मला धडकीच भरली. तर बाई विचारायला आल्या होत्या की कुत्री आजारी आहे का, आवाज कसा नाही. आत येऊन खोक्यांचा खेळ बघितला आणि चहा घेऊन गेल्या.

माणसाचा माग शिकवणारी मंडळीही सापडली. गावाबाहेरच्या बंद वीटभट्टीच्या आवारात दर रविवारी जमतात. अग्निशमन दलातून निवृत्त झालेल्या एक बाई शिकवतात. सगळे त्यांना बंबवाली म्हणतात आणि त्यांना ते आवडतं. खेळ असा. एक जण लपतो. त्याचा मोजा किंवा रुमाल कुत्र्याला हुंगवायचा, छातीच्या पट्ट्याला लांब दोरी लावायची, आणि कुत्रं नेईल तिकडे मागे जायचं. सापडला की कुत्रं त्याच्यासमोर बसतं आणि बक्षीस घेतं. बस.

भिंगरीला यायला लागलं. मला येत नाही. बंबवाली स्पष्ट बोलते. माझ्या तोंडाचा पट्टा चालू असतो, म्हणाली. कुत्री नाकाने विचार करत असते आणि मी मध्येच तिकडे बघ गं, शाब्बास गं, अगं इकडे कुठे, असं सुरू करते. मग ती वास सोडून माझ्या तोंडाकडे बघते. मी गप्प राहायचा पण करून जाते आणि दहा पावलांत पण मोडतो. दोन रविवार आम्ही दोघी भट्टीच्या धुराड्याभोवतीच फिरलो.

तू ये ना रे. लपायला माणसं कमी पडतात. लपणाऱ्याला बोलावं लागत नाही, नुसतं बसायचं. आणि घरात लपून बसायचा तुला आता वर्षाचा सराव आहे!

बस थेट आहे. वहिनींनाही आण.

ये, मग लोभाचं समोरासमोर बोलू.

तुझी,
ठकी

*

ता. ५ डिसेंबर

ठकी,

तुझं पत्र मिळालं. कुत्रीचं वाचून बरं वाटलं.

शेवटचा विनोद तू केलास. त्याला उत्तर देतो, म्हणजे पुन्हा करणार नाहीस.

उन्हाळ्यात मी औषधाच्या दुकानात गेलो होतो. एकटा. गोळीचं नाव घरून म्हणून म्हणून गेलो होतो. दुकानदाराने मला बोलताना ऐकलं आणि त्याने मागच्या माणसाकडे बघून डोळा मारला. मी दारू प्यालो आहे असं त्यांना वाटलं. मी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा केलं की जास्त अडकतं. रांगेत त्या माणसाच्याही मागे माझा एक जुना विद्यार्थी उभा होता. चांगला मुलगा. त्याने मला ओळखलं, पुढे आला, आणि माझं वाक्य त्याने पूर्ण केलं. मग माझं नाव, माझी शाळा, मला काय झालं, सगळं त्यानेच सांगितलं. मी शेजारी उभा होतो. सर फार मोठे माणूस होते, म्हणाला. होते.

माझी हाक मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला जायची, ठके. पोरं मला तोफ म्हणायची. त्या तोफेला घरात ठेवायचं की बाहेर काढायचं, हे मी ठरवीन.

कुत्रीला पाणी पाजत जा, थंडीतही.

दादा

*

ता. ९ डिसेंबर

प्रिय वन्सं,

सप्रेम नमस्कार. घाईत लिहिते, हे अंघोळीला गेले आहेत.

काय लिहिलं होतंत तुम्ही? दोन दिवस घरात कोणी कोणाशी बोललं नाही, म्हणजे नेहमीपेक्षाही. काल दुपारी मात्र ह्यांनी माळ्यावरून मैदानातले बूट काढले. पुसत बसले. मी विचारलं कुठे, तर कागदावर लिहून दाखवलं, वीटभट्टी. मी म्हटलं, तोंडाने सांगा, तरच डबा भरून देईन. बराच वेळ लागला, पण सांगितलं.

तुम्हाला राग आला असेल तर गिळा. मी वर्षभर ह्यांना जपते आहे, आणि मला आता वाटतं की जरा जास्तच जपलं. तुमचा घाव वर्मी लागला, पण मीठ त्यात होतं, विष नव्हतं. रविवारच्या पहिल्या बसने येताहेत. मी येत नाही, मुद्दामच.

दोन गोष्टी करा. ह्यांचं वाक्य अडकलं तर शब्द पुरवू नका, कितीही जिभेवर आला तरी. आणि हे कोण होते हे कोणाला सांगू नका. जे आहेत ते दिसू दे.

आपली माया आहे म्हणून एवढं हक्काने.

तुमची,
वहिनी

*

ता. १५ डिसेंबर

ती. वहिनींस,

सा. न. वि. वि. दादा सुखरूप परत आलाच असेल. त्याने सांगितलं असेल नसेल, म्हणून मी सगळं लिहिते.

बसमधून उतरला तो मफलर नाकापर्यंत. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्याने हात वर केला, पंच करतात तसा. विषय बंद. भिंगरीने त्याला पायापासून वर हुंगलं आणि त्याच्या बुटावर बसली.

बंबवालीला मी फक्त माझा भाऊ, लपायला आलाय, एवढंच सांगितलं. तिने त्याचा मोजा घेतला आणि त्याला भट्टीमागे पाठवलं. भिंगरी आणि मी निघालो. मी बडबडले. भिंगरी गोंधळली. शेवटी मिळाला तो तिच्या नाकामुळे नव्हे, मी मफलर बघितला म्हणून! सापडल्यावर दादा माझ्याकडे असा बघत होता जसा लहानपणी मी पत्ते खेळताना लबाडी करायची तेव्हा बघायचा.

दुसऱ्या फेरीला कोणीतरी लपायला हवं होतं. आमच्या घरमालकीणबाई तिथेच होत्या. हो, त्या आल्या होत्या, दुर्बीण घेऊन! त्या हौसेने लपायला गेल्या. बंबवालीने माझ्या हातातली दोरी काढली आणि दादाच्या हातात दिली. विचारलंही नाही. मी सांगायला गेले की त्याला बोलायला... आणि तुमचं पत्र आठवलं. ओठ दाताखाली धरले.

वहिनी, तुम्ही असायला हवं होतं. दादाने रुमाल हुंगवला आणि उभा राहिला. भिंगरीने त्याच्या तोंडाकडे बघितलं. तिथे काही नव्हतं. पुन्हा बघितलं. मग तिने मान खाली घातली आणि कामाला लागली. दोरी ना सैल, ना ताठ. आवारातल्या फाट्यावर तिचा वास तुटला. ती उजवीकडे गेली, परत आली, डावीकडे गेली, परत आली. मी असते तर तिला डावीकडे ढकलली असती. मला बाई दिसल्या होत्या ना! दादा नुसता उभा. खांदे सैल सोडून, जागचा हलला नाही. माझा भाऊ इतका वेळ वाट बघू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. भिंगरीने एक मोठी फेरी मारली, वाऱ्यात नाक धरलं, आणि निघाली ती सरळ विटांच्या ढिगाऱ्यामागे. बाईंनी टाळ्या वाजवल्या. दादा हसला. तोंडभर, आवाज करून.

बंबवाली म्हणाली, या कुत्रीला असाच माणूस हवा होता. मग तिने सांगितलं की जानेवारीअखेर परीक्षा आहे आणि या जोडीचं नाव ती घालते आहे. नियम एकच अवघड आहे. शेवटी चार माणसं बाकांवर बसलेली असतात. कुत्रं त्यांतल्या बरोबर माणसासमोर बसलं की दोरीवाल्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं सापडलं म्हणायचं. तेव्हाच वेळ थांबते. ज्यांना बोलता येत नाही त्यांनी हात वर केला तरी चालतो, तशी सवलत आहे. मी दादाकडे बघितलं. त्याने डोकं हलवलं. मला वाटलं, परीक्षा नको म्हणतोय. तर त्याने तोंड उघडलं आणि थांबत थांबत म्हणाला, हात नको.

भाडेकराराचं मिटलं. भट्टीवरून परत येताना बाईंनीच विषय काढला. फेब्रुवारीपासून नवा करार, आणि रविवारी त्यांना गाडीत पुढची जागा.

तुम्ही लिहिलंत ते बरोबर केलंत. आपलं असंच असू दे.

तुमची,
ठकी

*

ता. २७ जानेवारी

चि. ठकीस,

अ. उ. आ. भिंगरीला निराळे, ते तिला कानात सांग.

काल परीक्षेनंतर तू रडत होतीस, तुझी वहिनी रडत होती, आणि घरमालकीणबाई तुम्हा दोघींना रुमाल पुरवत होत्या, त्यामुळे माझ्याशी कोणी धड बोललं नाही. म्हणून माझ्या बाजूने काय झालं ते लिहून ठेवतो. तुम्ही बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीबाहेर होता. तुम्हाला अर्धंच दिसलं.

सहा आठवडे मी तो एक शब्द म्हणत होतो. पहिल्या अक्षरालाच माझी जीभ दाताला चिकटते. बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी सुचवलं की दुसरा सोपा शब्द घ्या, चालत असेल तर. मी म्हटलं, सगळे जो म्हणतात तोच. बाईंनी मग तो शब्द श्वासावर ठेवायला शिकवलं. आधी हवा सोडायची, मग त्यावर अक्षर. घरात दहातले आठ जमायला लागले. बाहेर काय होईल ते बाहेरच कळणार होतं.

माग सोपा नव्हता. वारा उलटा होता आणि मधल्या वाटेवर कोणीतरी आधी चालून गेलं होतं. भिंगरी तिथे थांबली आणि तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मी काही केलं नाही. कुत्रीला माहीत होतं, मला माहीत नव्हतं, आणि हे आम्हा दोघांनाही मान्य होतं. शाळेत मी कधी कुठल्या पोरामागून चाललो नाही. त्यातलं सुख मला या वयात कळलं.

बाकांपाशी आलो. चार माणसं. भिंगरीने पहिल्या दोघांना हुंगून सोडलं, तिसऱ्या बाईसमोर बसली आणि हलेना. परीक्षक तरुण मुलगी होती, हातात घड्याळ. तिने माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. मी हवा सोडली, आणि अक्षर आलंच नाही.

पुन्हा सोडली. सा आला आणि तिथेच अडकला. सा, सा, सा. मला दुकान आठवलं. दोरीपलीकडे कोणीतरी भला माणूस शब्द सांगायला लागला; बंबवालीने त्याच्याकडे असं बघितलं की तो तोंड मिटून मागे सरकला. तू आयुष्यात पहिल्यांदा गप्प उभी होतीस, तेही मला दिसलं. माझा उजवा हात वर जायला निघाला होता. खरं सांगतो, निघाला होता. भिंगरी बसली होती, तिसऱ्या बाईकडे तोंड करून, अगदी निश्चिंत. तिला घाई नव्हती. तिचं काम झालं होतं, आता माझं होतं. मी हात खाली घेतला, डोळे मिटले, हवा सोडली, आणि म्हणालो.

तो आवाज तोफेचा नव्हता. घोगरा होता आणि मध्ये फाटला. पण आवाराच्या भिंतीपर्यंत गेला. परीक्षक मुलीने घड्याळ दाबलं आणि म्हणाली, ऐकू आलं. एवढंच म्हणाली. शाब्बास म्हणाली असती तर मला आवडलं नसतं.

वेळ शब्दापर्यंत मोजतात, म्हणून आमचा नंबर खालून दुसरा. उत्तीर्ण मात्र झालो. निकाल लागल्यावर तू परीक्षकांशी भांडायला निघालीस, ते बरं झालं वहिनीने तुला धरलं. घड्याळ बरोबर होतं. मला तेवढा वेळ लागतो. पुढच्या परीक्षेलाही लागेल.

आता तुम्ही सगळे चहाला गेलात तेव्हाचं सांगतो. मी भिंगरीला पाणी पाजत होतो. एक माणूस आला, बरोबर तांबूस रंगाचं दांडगं कुत्रं, दोरीला हिसके देत होतं. त्याचे हात सोलले होते. त्याने विचारलं की या कुत्र्याला पळवून, पोहवून बघितलं, काही लागू पडत नाही, तुमची इतकी शांत कशी. मी इकडे तिकडे बघितलं. उत्तर द्यायला तुमच्यापैकी कोणी नव्हतं. मी म्हणालो, आधी त्याचं शरीर बघा. एवढ्याला मला किती वेळ लागला असेल ते तू जाणतेस. मधल्या अक्षरावर दोनदा थांबलो. तो माणूस उभा राहिला. त्याने कुत्र्याची दोरी आखूड धरली, माझ्याकडे बघत राहिला, आणि माझं वाक्य संपेपर्यंत थांबला. मग मी दुसरं वाक्य सुरू केलं.

रविवारी तो येतो आहे. पहिल्या बसने मीही.

माझ्यावरचा जीव आहे तसाच राहू दे. मी सांभाळून घेईन.

तुझा,
दादा